प्रस्तावना : वरिष्ठांचे लक्ष, माणसांची तब्येत

कामाच्या ठिकाणचे आरोग्य म्हटले की आपल्याला आठवते ती वर्षातून एकदा होणारी रक्तदाबाची तपासणी आणि योगदिनाची सतरंजी. या पुस्तकाला विचारायचे आहे ते वेगळे : हाताखालच्या माणसांच्या तब्येतीकडे वरिष्ठ कसे पाहतात, आणि त्याने त्या माणसांची झोप, मनःस्थिती, कामातले समाधान किती बदलते?

या विषयाचे मूळ शोधताना व्यवस्थापनाच्या ग्रंथांपेक्षा साथरोगशास्त्र अधिक उपयोगी पडते. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा ‘व्हाइटहॉल’चा दुसरा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दहा हजारांहून अधिक माणसांचा त्यात माग काढला गेला. आपल्या कामाबद्दल स्वतः ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. भार मोठा आणि मोकळीक थोडी असली की ताण वाढतो, ही रॉबर्ट कॅरासेक यांची मांडणी तर १९७९ ची. ती मोकळीक पुष्कळदा थेट वरिष्ठाच्या हाती असते. नेतृत्वाचा प्रश्न येतो तो इथे.

२०१४ मध्ये फ्रांके, फेल्फे आणि पुंट या जर्मन अभ्यासकांनी आरोग्याभिमुख नेतृत्व मोजण्याची पद्धत मांडली. आरोग्याला महत्त्व देणे, ताणाची चिन्हे वेळीच ओळखणे आणि तसे वागणे, हे तिन्ही त्यांनी वरिष्ठाच्या स्वतःच्या बाबतीतही तपासले. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अंगात ताप असताना कामावर येणारे साहेब इतरांना ‘रजा घ्या’ म्हणतात, तेव्हा ती रजा मागायला कोणी धजत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. यातले बरेचसे संशोधन प्रश्नावल्यांवर उभे आहे, आणि तब्येतीबद्दल व साहेबांबद्दल उत्तर देणारा माणूस एकच असतो. नोकरीवर खूश असलेला दोन्हीकडे सढळ हाताने गुण देतो. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एकाच वेळी भरून घेतलेल्या तक्त्यांवरून सांगता येत नाही.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमायला लावला. उपाहारगृह, पाळणाघर यांचीही तरतूद केली. पण पाळी कोणाची बदलायची, हे रोज ठरवतो तो सुपरवायझर. वरून उत्पादनाचा रेटा, खालून माणसांची गाऱ्हाणी, आणि त्याच्या तब्येतीची विचारपूस करणारे कोणी नाही. चाकण किंवा बुटीबोरीतल्या नव्या अभ्यासकाने प्रश्नावली आधी त्याच्याच हाती द्यावी. त्याच्यावरचे प्रकरण इथे तिसरे आहे. ते आधी वाचले तरी बिघडत नाही.