तंजावरचा एक चातुर्मास

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा इतिहास आजवर बहुधा राजाश्रयाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे, आणि त्यास सबळ कारणही आहे. १६७५-७६ च्या सुमारास एकोजीराजांनी तेथे भोसल्यांची सत्ता स्थापिली. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांस अग्रहार म्हणून दिले आणि स्वतः मराठीत नाटके रचिली. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला, १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसलेकुलाचे चरित्र मराठीत कोरविले आणि ‘देवेंद्र कुरवंजी’त कुरवंजीच्या मुखाने पृथ्वीचा भूगोल पद्यात वदविला. हे सर्व योजनापूर्वक घडले. परंतु या परंपरेचा जो अंश मराठीच्या सीमेपलीकडे जाऊन तमिळ श्रोत्यांच्या कानी रुळला, तो कोणाही राजाच्या योजनेत नव्हता. तो एका लांबलेल्या मुक्कामाचा प्रसाद होय.

१८५५ मध्ये अखेरचे शिवाजीराजे पुरुषसंततीवाचून वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. दरबार मोडला, आश्रित विखुरले. पुढे नऊएक वर्षांनी, १८६४ च्या सुमारास, रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे एक मराठी कीर्तनकार तंजावरी आले. दक्षिणेत ते मोरकर बावा या नावाने ओळखले गेले. चातुर्मास लागल्यामुळे त्यांनी ते चार महिने तेथेच काढिले. चातुर्मासाचा नियमच असा की, पाऊल जेथे थांबेल ते गाव आपले मानावे. त्या दिवसांत कावेरीची शोभाही काही विलक्षणच. तंजावरच्या आकाशात खरा पावसाळा पुढे आश्विन-कार्तिकात उतरतो. पण कोडगूच्या डोंगरांतील आषाढी पावसाने नदी येथे आधीच दुथडी भरते. तमिळ ‘आडि’ महिन्याच्या अठराव्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे नाना प्रकारचे भात घेऊन काठावर येतात आणि नवे पाणी पाहत जेवतात. न पडलेल्या पावसाचा असा उत्सव करणारा प्रांत पाहुण्याच्या कीर्तनालाही भरभरून दाद देतो, यात नवल ते काय?

मराठी कीर्तन तंजावरास तोपर्यंत अपरिचित होते असे नव्हे. रामदासी मठ तेथे पूर्वीपासून होते. आणि मेरुस्वामी या नावाने प्रसिद्ध असलेले मराठी कीर्तनकार तर स्वातितिरुनाळांच्या काळी थेट त्रावणकोरच्या दरबारी मान पावले होते. तरीही मोरकर बावांच्या निरूपणांनी जे केले ते पूर्वीच्यांकडून झाले नव्हते. याचे कारण केवळ त्यांच्या गुणांत शोधू नये. दरबारी श्रोता प्रसंगानुरूप बसतो. त्याला आनंदही रीतीने व्हावा लागतो. येथे बोलावणारा राजा नव्हता, बिदागीची आशा बेताची, आणि श्रोत्यांतील अनेकांना भाषा अर्धीच कळत होती. संध्याकाळ रिकामी होती, म्हणून लोक आले, आणि उद्या पुन्हा आले. असा विनाकारण लाभलेला आनंद कागदोपत्री नोंदला जात नाही. मोडी दफ्तरात खर्चाचे आकडे सापडतात, हसलेल्या माणसांचे नव्हे. इतिहासकाराची ही अडचण समजण्याजोगी असली, तरी तिचे पर्यवसान त्या आनंदालाच नगण्य मानण्यात व्हावे, हे मात्र समर्थनीय नाही.

त्या आनंदाने काय केले, हे तंजावूर कृष्ण भागवतरांच्या कार्यावरून दिसते. १९०३ मध्ये निवर्तलेल्या या गायकाने मराठी निरूपणाची घडण आत्मसात केली आणि तीत कर्नाटक संगीत ओतून तमिळ हरिकथेला तिचे प्रौढ रूप दिले. आरंभीची पंचपदी, हातातील चिपळ्या, कथेच्या ओघात पेरलेल्या साकी, दिंडी, ओवी, आर्या आणि अभंग ही सारी सामग्री त्याने उचलली. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’त ज्या साक्या-दिंड्या रंगभूमीवर आणिल्या, त्यांचीच भावंडे कावेरीकाठी दुसऱ्या भाषेत वाढत होती. एकाच कीर्तनपरंपरेच्या या दोन शाखा. पण मराठी वाङ्मयेतिहासात पहिलीस प्रकरणे लाभतात आणि दुसरीच्या वाट्यास क्वचित एखादी तळटीप येते.

छंदांचे स्थलांतर ही अवघड गोष्ट आहे. शब्द व्यापाराने जातात, कायदे सत्तेने जातात. छंद मात्र कानाला गोड लागल्यावाचून घराबाहेर पडत नाही. दिंडीची चाल तमिळ शब्दांना झेपते की नाही, हे कोणत्याही पंडितसभेने ठरविले नाही. श्रोत्यांनी टाळ्यांनी ताल धरला आणि ती झेपली. पुढे सी. सरस्वतीबाईंनी स्त्रियांसाठी अपरिचित असलेल्या या व्यासपीठावर उभे राहून हरिकथा केली, बन्नीबाईंनी ती परंपरा चालविली. चातुर्मास संपल्यावर कीर्तनकाराने वाट धरावी, हा रिवाज. त्याने मागे काय ठेविले याची झाडाझडती कोणी घेत नाही. तमिळ भागवतर मात्र कथेच्या मध्यावर थांबून आता साकी म्हणतो असे सांगतात, आणि त्यांच्या श्रोत्यांना तो शब्द परका वाटत नाही.