नळदुर्गाजवळील पराक्रम व अशोकचक्र

जुनें नाणें हातीं आलें म्हणजे धातु, चिन्हें व अक्षरें पाहून तें कोणीं व कोणत्या हेतूनें पाडलें हें आपण ठरवितों. लष्करी पदकासही तीच कसोटी लाविली पाहिजे.

ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौज सोलापुराकडून निजामाच्या हद्दींत शिरली. शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणींतील हवालदार बचित्तर सिंग यांनीं नळदुर्गाजवळ प्रथम प्रतिपक्षाच्या दोन मोटारगाड्या पाडाव केल्या. त्याच दिवशीं पुढें एका भक्कम मोर्च्यांतून मशीनगनचा मारा सुरू झाला. सरपटत मोर्च्यापासून तीस यार्डांवर पोंचतांच मांडींत गोळ्या लागून ते पडले. तशाही स्थितींत पुढें सरकून त्यांनीं दोन हातबाँब टाकले व तो मारा बंद पाडला. मागें जाण्यास ते कबूल झाले नाहींत. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. नळदुर्गाचीं वर्णनें बहुधा बोरी नदीवरील पाणीमहालापाशीं थांबतात. ही हकीकतही त्यांत यावी असें आम्हांस वाटतें.

हें पदक वाटोळें, सोन्याचा मुलामा दिलेलें, सुमारें ३५ मिलिमीटर व्यासाचें आहे. दर्शनी बाजूस अशोकाचें चक्र व भोंवतीं कमळांची माळ. पाठीवर हिंदी व इंग्रजींत नांव आणि मध्यें कमलपुष्पें. फीत हिरवी, तीवर मधोमध नारिंगी उभी रेघ. शस्त्र कोठेंच नाहीं. उलट सावित्रीबाई खानोलकर यांनीं रेखाटलेल्या ब्राँझच्या परमवीर चक्रावर इंद्राचीं चार वज्रें आहेत.

हा भेद हेतूचा आहे. परमवीर चक्र शत्रूसमोरील शौर्यास, अशोकचक्र त्याव्यतिरिक्त शौर्यास. मग मशीनगनपुढें पडलेल्या वीरास दुसरें कां? पहिलें १९५० सालीं व दुसरें १९५२ सालीं (तेव्हां ‘वर्ग १’ या नांवानें) स्थापन झालें, तरी दोन्ही १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू आहेत. म्हणजे तारखेची अडचण नव्हती. एप्रिल १९४८ मध्यें राजौरीच्या वाटेवरील सुरुंग काढणारे राम राघोबा राणे यांस परमवीर चक्रच मिळालें.

आमच्या मतें उत्तर ‘पोलीस कारवाई’ या शब्दांत आहे. निजामानें ऑगस्ट १९४८ मध्यें आपली तक्रार संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेली होती. त्याच्या फौजेस शत्रु म्हणणें म्हणजे हैदराबाद परराष्ट्र होतें असें मानण्यासारखेंच झालें असतें. त्याच मोहिमेंत ता. १५ सप्टेंबर रोजीं तुंगभद्रेच्या पुलावर पराक्रम करणारे नायक नरबहादूर थापा यांसही अशोकचक्रच मिळालें आहे.