पटेल की पाटील?

माझं आडनाव पटेल. ते सांगितलं की समोरचा मला गुजराती समजतो. माझ्या धाकट्या चुलत्यांचं आडनाव पाटील. त्यांना लोक मराठा समजतात. माझे वडील आणि हे चुलते सख्खे भाऊ. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या एकाच घरात जन्मलेले. कविसंमेलनात माझं पूर्ण नाव पुकारलं गेलं की चहाच्या वेळी कुणीतरी हमखास जवळ येतं आणि विचारतं, ‘‘तुमच्यातही पटेल-पाटील असतात का हो?’’ असतात. का असतात, हे सांगायला मात्र एका चहाचा वेळ पुरत नाही.

पाटील हे मुळात आडनाव नव्हतंच. तो हुद्दा होता. माळव्याच्या भोज परमाराचे अकराव्या शतकातले ताम्रपट आहेत. गाव दान दिल्याची खबर त्यांत ज्या लोकांना दिली आहे, त्यांत ‘पट्टकिल’ येतात. हा शब्द शतकानुशतकं लोकांच्या तोंडी झिजला. मराठीत तो पाटील झाला, गुजरातीत आणि उर्दूत पटेल. म्हणजे माझं आणि चुलत्यांचं आडनाव एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. नाणं एकच, दोन बाजारांत फिरून आलेलं.

पाटलाचं काम काय? गावचा सारा गोळा करायचा, पडीक जमिनीवर नवी कुळं आणून बसवायची, तंटे मिटवायचे, चोरी झाली तर माग काढायचा. मोबदल्यात इनाम जमीन आणि मान. आता मान म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला समजावणं अवघड आहे. पोळ्याला कुणाचे बैल पुढे, होळीची पहिली पूजा कुणाची, यावरून भावाभावांत डोकी फुटत आणि पिढ्यान् पिढ्या अबोला चाले. जुन्या वतनी कागदांवर पाटील सहीऐवजी नांगराची निशाणी करी. लिहिणं-वाचणं कुलकर्ण्याकडे, पाटलाची ओळख नांगर. मला ती निशाणी फार आवडते. नांगराला जात विचारता येत नाही.

शिवाय पाटीलकी हे वतन होतं. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटलं जाई, अडचणीच्या वेळी विकलंही जाई. त्यामुळे ते कुठल्या एका जातीच्या घरात कुलूप लावून राहिलं नाही. मराठा पाटील बहुसंख्य खरे. पण धनगर, वंजारी, लिंगायत, जैन आणि मुसलमान पाटीलही गावोगाव झाले. कुठे घरात पाटीलकी आधी आली आणि धर्म नंतर, कुठे उलटं. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि या शब्दाचं वजन किती, ते महादजी शिंद्यांवरून कळतं. १७८४ साली दिल्लीच्या बादशहानं त्यांना वकील-इ-मुतलक केलं, त्याहून मोठं पद बादशहाकडे उरलं नव्हतं. तरी हा माणूस स्वतःला पाटीलच म्हणवून घेत राहिला. मराठी मुलूख त्यांना पाटीलबावा म्हणे. इंग्रज इतिहासकारांनी त्यांना ‘पटेल’ लिहिलं. तिथेही हीच गंमत!

मग त्या काळी माणसाचं नाव कसं लिहीत? बापाच्या नावानं. बाजी बल्लाळ म्हणजे बाळाजींचा मुलगा बाजीराव. त्यांचं भट हे आडनाव आजही फारसं कुणाला आठवत नाही. कुणब्यांच्या नावात मध्ये ‘बिन’ येई: अमका बिन तमका, पाटील, मौजे अमुक. अरबीतला हा ‘बिन’ मराठी शेतकऱ्यांनी इतका आपला केला, की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही नसे. निजामाच्या मुलखात त्याच जागी ‘वल्द’ बसला.

हे काही आपल्याकडचंच नाही. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा देश आहे. तिथे मुलगा सांगायला ‘ॲप’ म्हणत (मोबाइलातलं ॲप नव्हे!). ऱ्हिसचा मुलगा तो ॲप ऱ्हिस. १५३६ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात वेल्सला इंग्रजी कायद्याखाली आणलं गेलं, कारभाराची भाषा इंग्रजी झाली, आणि पुढच्या काळात कागदावर कायमचं आडनाव हवं, असा दबाव वाढत गेला. ॲप ऱ्हिसचा प्राइस झाला, ॲप हवेलचा पॉवेल, आणि ओवेनचा मुलगा बोवेन होऊन बसला. बाप आडनावात विरघळून गेला. आपल्याकडे नशीब असं, की बाप मधल्या नावात सुखरूप राहिला आणि आडनावाच्या जागी हुद्दा चिकटला.

आमच्या भागात हा हुद्दा कागदावर चढला तो निजामी राज्यात. हैदराबाद संस्थानात १८८०च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. गावात पटेल दोन: एक माली पटेल, दुसरा पोलीस पटेल. ‘माली’ म्हणजे मालाचा, महसुलाचा. आता तो शब्द वाचून पोरं विचारतात, हे माळी होते का? माझे आजोबा पोलीस पटेल होते. त्यांच्या कागदावर उर्दूत जो शब्द आहे, तो ‘पटेल’ वाचावा की ‘पटील’, हे नुसत्या अक्षरांवरून सांगता येत नाही; कारण उर्दूत शब्दाच्या मधल्या ‘ये’नं ईही होते आणि एही. तिकडे मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्या काळी यानं कुणाचं काही अडत नव्हतं. गाव माणसाला ओळखत होतं, कागद नंतर.

वडील शाळेत गेले ते १९४८च्या आधी, उर्दूत शिकले. दाखल्यावर पटेल. सप्टेंबर १९४८मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. चुलते त्यानंतर शाळेत गेले, मराठी शाळेत. आजोबांनी सांगितलं, ‘‘गावचा पटेल आहे मी.’’ गुरुजींनी लिहिलं, पाटील. त्यांच्या लेखी ते साधं भाषांतर होतं आणि ते चूकही नव्हतं. पण त्या एका काळ्या रेघेनं घराची दोन घरं झाली.

आजोबांच्या नावची साडेचार एकर जमीन वारसांच्या नावे करायची वेळ आली, तेव्हा ते उमगलं. जुन्या नोंदीत आजोबा ‘शेख अमुक वल्द शेख तमुक’. वडील पटेल, चुलते पाटील. एका कचेरीतले कारकून म्हणाले, ‘‘बापाचं आडनाव शेख, मुलांची दोन वेगळी. हे तिघं एका घरातले कशावरून?’’ बरोबरच होतं त्यांचं, कारण त्यांच्यासमोर कागद होते आणि माणसं बाहेर बाकावर बसली होती. प्रतिज्ञापत्रं झाली, साक्षीदार झाले. आजोबांचे शेजारी, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत आले आणि म्हणाले, ‘‘पाटलाची पोरं हायेत ही, आणिक काय पायजे?’’ ते मात्र कुठल्या रकान्यात बसेना. चुलते फेरफार होण्याआधीच वारले. जमिनीवर त्यांचं नाव लागलेलं त्यांनी पाहिलं नाही. लागलं ते थेट त्यांच्या मुलांचं, पाटील म्हणून.

२०२३पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं उघडली जाऊ लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना एकदम मागणी आली. आमच्याकडेही काही मंडळी आपापले कागद घेऊन आली. मी वाचून दाखवी. ‘वल्द’ आला की थांबून अर्थ सांगावा लागे. त्यांच्या पणजोबांच्या आणि माझ्या पणजोबांच्या नावात तो एकाच हातानं, एकाच शाईनं लिहिलेला असे.

पाटीलकी केव्हाच गेली. १९६२च्या कायद्यानं महसुली पाटलाचं पद रद्द झालं. १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. वारसानं मिळणारं ते राहिलं नाही. आमच्या गावात सध्या एक तरुण बाई पोलीस पाटील आहेत. आडनाव वेगळंच, पाटीलकीशी त्यांच्या घराचा कधी संबंध नव्हता. काम चोख करतात. सारा गाव त्यांना ‘पाटील’ म्हणतो, आणि माझ्या चुलतभावांना नुसत्या नावानं हाक मारतो.