खानदेशातील चिंध्यांचा बटवा

जळगाव-धुळे भागात कापडाचे तुकडे जोडून शिवला जाणारा चेनचा छोटा बटवा दोन जुन्या वस्तूंचा वारस आहे : गोधडी आणि चंची. कापडाचे थर टाक्यांनी एकमेकांत बांधण्याची रीत गोधडीची, तर कनवटीला मावेल एवढ्या कापडात कप्पे पाडण्याची चंचीची.

खानदेश कापूस पिकवणारा मुलूख असला, तरी हातमागाच्या काळात कापड स्वस्त नव्हते. एका लुगड्यामागे कातणाऱ्या, विणणाऱ्या आणि रंगवणाऱ्या हातांचे कष्ट असत. म्हणून नऊवारी विरले की त्याचे थर गोधडीत जात. गोधडीतही न बसणारी चिंधी दिव्याच्या वातीला किंवा पोतेऱ्याला लागे. गोधडी शिवताना जुनेराचे थर जमिनीवर ताणून पसरत, कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात करत आणि चौकोनाच्या आत चौकोन घेत मध्यापर्यंत येत. विरलेले कापड एकेकटे टिकत नाही. टाक्यांनी बांधलेले चार थर मात्र वर्षानुवर्षे धुणे सोसतात, आणि या शिवणीची खरी करामत तिच्या नक्षीपेक्षा यात आहे.

चंची म्हणजे एक लांबट पट्टी. तिला आतून दोन-तीन कप्पे, कडेला गोट आणि गुंडाळून बांधायला दोरी. पान, सुपारी, कात, तंबाखू आणि चुन्याची डबी तिच्यात राही. बायकांच्या बटव्याला तोंडाशी नाडी असे. त्यासाठी चोळी बेतताना उरलेले खणाचे कोपरे चांगले उपयोगी पडत, कारण ते लहान असले तरी कोरे असत.

पुढचा बदल कापसाच्या व्यापाराने घडवला. 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि हिंदी कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात आगगाडी खानदेशात पोहोचली आणि जळगावची पेठ वाढली. एकोणिसाव्या शतकातच जळगावात सूतगिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी निघाली आणि पुढे धुळ्यातही गिरणीचे भोंगे वाजू लागले. गिरणीच्या कापडाने हातमागाच्या विणकराचे पोट मारले, ही या इतिहासाची दुखरी बाजू आहे. मात्र त्याच कापडामुळे घरोघरी चिंध्यांची जात बदलली.

शिंप्याच्या दुकानात शिवणयंत्र आल्यावर हा बदल पक्का झाला. सिंगरचे अमेरिकन पेटंट 1851 चे. आपल्याकडे ही यंत्रे आधी बाहेरून येत. 1930 च्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ यंत्रे बनू लागली. सदरा, झंपर, परकर बेतून शिवू लागल्यावर यंत्राखाली कोऱ्या कापडाची कातरण साचू लागली. पूर्वीची चिंधी विरलेली असल्यामुळे तिला थरांचा आधार लागे, तर ही मजबूत होती. तिला फक्त जोड हवा होता. पुढे टेरिलीन आणि नायलॉनच्या साड्या आल्या. त्या घाम टिपत नाहीत आणि थर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे गोधडीला त्या कधी मानवल्या नाहीत. बटव्याला मात्र त्यांचे चकचकीत काठ चालून गेले.

सरकत्या चेनचा आजचा प्रकार गिडिऑन सुंडबॅक यांनी 1913 च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध केला. घरगुती शिवणात ती फार उशिरा आली आणि नाडी मागे पडली. चेन लावायची तर शिवण्याचा क्रमच बदलावा लागतो. आधी तुकडे जोडून इस्त्री करायची, खाली जाड थर आणि अस्तर घेऊन आडव्या-तिरप्या शिलाया मारायच्या, मग दोन्ही काठांना चेन बसवायची. बाजू शिवताना चेन अर्धी उघडी ठेवावी लागते, नाहीतर बटवा उलटवून सुलटा करायला वाटच उरत नाही. चेनच्या टोकांशी सगळे थर एकत्र येतात आणि सुई तिथेच मोडते. म्हणून जाणती शिवणारी त्या ठिकाणी यंत्राचे चाक हाताने फिरवते.

1975 मध्ये राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे बचत गटांची चळवळ पसरली आणि घरापुरते हे शिवण विक्रीला आले. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशव्यांना मागणी आली, आणि पिशवीतून उरणाऱ्या तुकड्यांचे बटवे होऊ लागले. अशा बटव्यात कापडाचा खर्च नगण्य असतो. चेन, अस्तर आणि दोरा विकत आणावा लागतो, आणि सर्वांत जास्त वेळ तुकडे रंगसंगतीने लावून जोडण्यात जातो. खरेदीदार भाव पाडतो तेव्हा बुडते ती याच वेळेची मजुरी.