राखेखालचा निखारा

माझी आजी रात्री चूल कधी पूर्ण विझू देत नसे. निखारे राखेखाली झाकून ठेवायची. पहाटे फुंकर घातली की विस्तव तयार! आज ज्या बॅटरीची हकिकत सांगणार आहे, तिचंही असंच. ती थंड पडली की कामातून गेली.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ कुमर आणि नील वेबर यांनी सोडियम-गंधक बॅटरी पुढे आणली. आपल्या नेहमीच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा घन आणि ॲसिड पातळ असतं. इथे सारं उलटं. सोडियम आणि गंधक वितळलेले, मध्ये बीटा-ॲल्युमिना या सिरॅमिकची भिंत. त्या भिंतीतून सोडियमचे आयन पार होतात. इलेक्ट्रॉनांना मात्र बाहेरच्या तारेनं जावं लागतं. तीच आपली वीज. माल स्वस्त, शिशापेक्षा वजनही हलकं. अट एकच : आत ३०० ते ३५० अंश सेल्सिअस उष्णता हवी.

मोटारीला नेमकी हीच अट नडली. मोटार दिवसाचा बहुतेक वेळ उभीच असते, आणि उभ्या मोटारीत बॅटरी तापती ठेवायला तिचीच वीज खर्ची पडते. त्यात भिंतीला तडा गेला, तर सोडियम आणि गंधक थेट एकमेकांना भिडतात. फोर्डनं १९९०च्या दशकात ‘इकोस्टार’ व्हॅन रस्त्यावर आणल्या. १९९४ साली त्यांतल्या दोन गाड्यांना आग लागली. दक्षिण आफ्रिकेत योहान कुत्सिअर आणि सहकाऱ्यांनी गंधकाऐवजी निकेल क्लोराइड वापरून ‘झेब्रा’ बॅटरी घडवली. ती अधिक सुरक्षित होती, पण तापलेलीच ठेवावी लागे.

मग जपानमध्ये एनजीके आणि टोकियो इलेक्ट्रिक पॉवर या कंपन्यांनी वेगळा विचार केला. बॅटरी चाकांवर कशाला? ती वीजकेंद्राजवळ ठेवू. रात्री भरायची, दिवसा वापरायची. रोजच्या या कामातूनच तिची ऊब बरीचशी टिकते. २००८ साली रोक्काशो इथल्या पवनचक्क्यांना अशा ३४ मेगावॉट बॅटऱ्यांची जोड मिळाली. २०११मध्ये त्सुकुबा इथे अशाच बॅटऱ्यांना आग लागली, तेव्हा सुरक्षेचे उपाय नव्यानं करावे लागले.

विस्तव तोच होता. मोटारीत त्याला नुसतं जपत बसावं लागलं. वीजकेंद्रात रोजचं काम मिळालं आणि तो तगला. आजीची चूलही रोज पेटायची, म्हणून तर निखारा राखण्यात अर्थ होता.