गवळणीतील रान आणि आपले रान

जुन्नर-आंबेगावच्या रानाचा विषय निघाला की भीमाशंकरची झाडी, शेकरू आणि नाणेघाटाचा वारा यांचीच वर्णने होतात. आम्हांस मात्र मीनाकाठच्या नारायणगावी तमाशाच्या बोर्डावर उभे राहणारे रान आठवते.

गण आटोपला की गवळण सुरू होई. दूधदही घेऊन मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणी, वाटेतले वन, आडवा येणारा कृष्ण आणि सोबतीला पेंद्या! चितारलेला पडदा नाही, झाड नाही. ढोलकी, तुणतुणे आणि गळा एवढ्याच सामग्रीवर कदंब फुले व यमुना वाहे. त्या वनात काटा रुतत नसे, वाघ येत नसे.

भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने हे वन गावोगाव नेले. भाऊ खुडे यांच्या कन्या विठाबाई (१९३५-२००२) यांनी ते कीर्तीस चढविले. त्यांच्या नावे आज राज्य शासन पुरस्कार देते, ही समाजास भूषणाची गोष्ट होय.

आपल्या वाट्यास आलेले रान याहून निराळे. घायपात कापावे, त्याच्या रसाने हातास सुटलेली खाज सोसावी, पाने पाण्यात कुजवून वाख काढावा, दोर वळावे. शिंदीच्या केरसुण्या बांधाव्या. लोण्याचे शिंके ज्या दोरीवर टांगले ती कोणी वळली, हे आम्ही कोणत्याच गवळणीत ऐकले नाही! डोंगरातील महादेव कोळी बांधवांचे रानही तसेच कष्टाचे. डिंभे धरणात तर मूळ आंबेगावच बुडाले.

म्हणून कित्येक सुशिक्षित तरुण गवळणीतील वनास खोटे म्हणतात. हे मत आम्हांस मान्य नाही. विठाबाई पंढरपुरास जन्मल्या तेव्हा विठ्ठलमंदिराचे दार आपणांस बंद होते. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ते उघडले. तोवर ज्यांच्या हातचे पाणीही चालत नव्हते, त्यांच्याच मडक्यातले दही देव त्या रानात वाट अडवून, हट्टाने मागून खाई. आणि समोर बसलेला सारा गाव ते पाहून माना डोलवी. तमाशा संपल्यावर त्याच गावात कलावंतास पाणी वरून ओतून मिळे, हेही आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे.

असो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावी आजही फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी येऊन जत्रांच्या सुपाऱ्या देतात. बागाईत वाढल्यापासून बिबट्या उसातच वीत असल्याने मंडळी रात्री बॅटऱ्या घेऊन, घोळक्याने घरी परततात.