दक्षिणा-फंड व विद्यार्थिवेतन

महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस सरकारी खजिन्यांतून वेतन देण्याची चाल इंग्रजी अंमलानें अगदीं नव्यानें आणिली, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. पुण्यापुरता तरी तो खरा नाहीं. येथील पहिलीं विद्यार्थिवेतनें ज्या पैशांतून निघालीं, तो पैसा श्रावणमासाच्या दक्षिणेचा होता.

ही दक्षिणा प्रथम सेनापति दाभाडे तळेगांवीं वांटीत. इ. स. १७३१ मध्यें डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले. त्यानंतर पहिल्या बाजीरावानें ती पुण्यास चालविली. वांटपाचे प्रकार दोन. शास्त्री-पंडितांची परीक्षा होऊन त्यांच्या विद्येच्या मानानें रक्कम ठरे. बाकीच्या ब्राह्मणसमुदायास पर्वतीजवळच्या रमण्यांत एकत्र करून, बाहेर पडतांना थोडथोडकें द्रव्य देत. पहिल्यास विद्येचें साहाय्य म्हणतां येईल. दुसरा निव्वळ दानधर्म. रामशास्त्री प्रभुण्यांचे बंधु दक्षिणेस आले असतां नाना फडणिसांनीं त्यांस अधिक रक्कम सुचविली. तेव्हां शास्त्रीबोवांनीं, इतरांइतकेंच द्यावें, भाऊ म्हणून द्यावयाचें तें मी घरून देईन, असें सांगितलें, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, कोणास किती हा प्रश्न त्या काळींही जाचक होता, इतकें तींतून निश्चित दिसतें.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. ती सालीना ५०,००० रुपयांवर आणिली. याच फंडाच्या आधारानें कमिशनर चॅप्लिन यानें ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक हे विषय. शिकविणाऱ्यांस पगार आणि शिकणाऱ्यांसही वेतन. पुढें दक्षिणेंत नवीं नांवें घालणें थांबलें व मृतांच्या नांवची शिल्लक विद्येच्या कामीं लावण्याचें ठरलें.

खरा वाद पेटला तो १८४९ त. गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या विचाराच्या तरुणांनीं, दक्षिणेचा कांहीं भाग मराठी ग्रंथकारांस बक्षिसें देण्याकडे लावावा, असा अर्ज केला. पुण्यांत मोठा क्षोभ झाला. जोतीराव फुले अर्जदारांच्या बाजूस उभे राहिले. उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्यासही अर्जदारांचें म्हणणें न्याय्य वाटतें. राज्याचा पैसा एकाच जातीच्या वांट्यास कां जावा, या प्रश्नास विरुद्ध पक्षाकडे वहिवाटीवांचून दुसरें उत्तर नव्हतें. १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली; त्याच सालीं पाठशाळा इंग्रजी शाळेंत मिळवून पूना कॉलेज झालें, तेंच पुढील डेक्कन कॉलेज. परंतु फुल्यांनीं १८५५ त ‘तृतीय रत्न’ हें नाटक याच कमिटीपुढें ठेविलें, तेव्हां तें नाकारण्यांत आलें. पात्र कोण, हें ठरविणारे हात फारसे बदलले नव्हते.

या फंडाचें उत्तम फळ म्हणजे दक्षिणा-फेलो. कॉलेजांत स्वतः शिकावयाचें, खालच्या वर्गांस शिकवावयाचें आणि त्याबद्दल मासिक वेतन घ्यावयाचें, अशी ही योजना होती. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही फेलो होते आणि १८६२ त मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत दोघांचींही नांवें आहेत.

देणाऱ्या सरकारचे कागद पेशवे दप्तरांत आहेत. घेणाऱ्यांची बाजू मात्र शास्त्री-घराण्यांच्या रुमालांतच सांपडली तर सांपडेल: अर्जांच्या नकला, गांवाहून पुण्यास येण्याच्या खर्चाचे हिशेब, गुरूंचीं पत्रें. आपल्याकडील संग्राहक पोथी घेतात व वेष्टनांतील सुटे कागद टाकून देतात. तसें न करितां ते कागद, कोणत्या पोथीबरोबर निघाले त्याची नोंद करून, वेगळे बांधून ठेवावे; आणि त्यांत दक्षिणेचा उल्लेख आढळल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी.